तीन तारांचा पेसमेकर सांगितलाय? आधी ईसीजीची पट्टी बघा

पेसमेकर तपासायच्या खोलीत मी कामाला आहे. "पंपिंग कमी झालंय, सीआरटी बसवूया," असं डॉक्टर म्हणाले की घरचे पहिल्यांदा खर्च विचारतात. सीआरटी म्हणजेच हा तीन तारांचा पेसमेकर, हृदयाच्या दोन्ही बाजू एकत्र आकुंचन पावाव्यात म्हणून बसवतात तो. त्याआधी ईसीजी मागून घ्या.

हृदयाची डावी बाजू उजवीच्या मागून आकुंचन पावायला लागली की जोर वाया जातो. ईसीजीवर उंच टोकाचा भाग, म्हणजे क्यूआरएस, रुंद दिसतो. नेहमीच्या वेगाच्या पट्टीवर एक बारका चौकोन ४० मिलिसेकंदांचा. डावा बंडल ब्रांच ब्लॉक (डाव्या बाजूला विजेचा संदेश नेणाऱ्या वाटेत अडथळा), रुंदी १५० मिलिसेकंदांच्या पुढं म्हणजे पावणेचार चौकोन, ईएफ (पंपिंगची टक्केवारी) ३५ टक्के किंवा कमी आणि तीनेक महिने पुरेशी औषधं घेऊनही धाप, असा पेशंट असेल तर फायद्याची आशा जास्त. रुंदी सव्वातीन चौकोनांच्याही आत असेल तर नुसत्या हार्ट फेल्युअरसाठी हे मशीन सहसा बसवत नाहीत. का सांगितलं ते स्पष्ट विचारा. डॉक्टर रागावत नाहीत हो.

तिसरी तार हृदयाच्या शिरेतून डाव्या बाजूला न्यायची असते, तिलाच वेळ लागतो. नंतर पोट ठोक्याबरोबर उडायला लागलं तर गॅस समजून ओवा खात बसू नका. तार डायाफ्रामच्या, म्हणजे छाती-पोटामधल्या श्वासाच्या पडद्याच्या, नसेला डिवचत असते. बऱ्याचदा सेटिंग बदलून ते थांबतं.

मशीन बसवलेल्या बाजूचा, बहुतेकदा डावा, हात चार ते सहा आठवडे खांद्याच्या वर नको. पण गळ्यात अडकवूनही ठेवू नका, खांदा आखडतो.

तपासणीला आलात की एकच आकडा विचारा: दोन्ही बाजूंचं पेसिंग, म्हणजे मशीननं दिलेले ठोके, किती टक्के? ९८ च्या वर हवं. ठोके अनियमित असले की तो घसरतो, मग मशीन असून उपयोग कमी.

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत इंडक्शन फर्नेस किंवा वेल्डिंगवर असाल तर आम्हाला विचारल्याशिवाय कामावर जाऊ नका. मोबाईल मशीनच्या बाजूच्या खिशात नको.

"मॅडम, आता गोळ्या बंद ना?" नाही! तांबडा रस्सा वाटीभर चाखा, पण मीठ बेतानं. रोज सकाळी वजन करा; तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा.