चोपण जमीन सुधारताना: जिप्सम कधी, किती आणि कोणत्या क्रमाने टाकावे

कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात किंवा अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यात एखादी काळी जमीन बिघडली, की सगळेच तिला सरसकट ‘क्षारपड’ म्हणतात. उपाय मात्र सरसकट करून चालत नाही. खारवट जमिनीत मातीतल्या पाण्यात विरघळलेले क्षार जास्त असतात; ते निचऱ्यावाटे धुऊन निघाले की जमीन बहुतांशी पूर्ववत होते. चोपण जमिनीत सोडियम पाण्यात असतो त्याहून कितीतरी जास्त चिकणमातीच्या कणांना चिकटून बसलेला असतो आणि तो नुसत्या पाण्याने निघत नाही. हे दोन्ही दोष एकत्र असलेल्या खारवट-चोपण जमिनीत सर्वांत जास्त चुका होतात, कारण तिथे वरवर योग्य वाटणारी धुलाईच जमीन कायमची आवळून टाकू शकते.

असे का होते, हे समजून घेतल्याशिवाय पुढच्या कृतीचा क्रम पटणार नाही. दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून बनलेल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट गटातली, म्हणजे पाण्याने फुगणारी, चिकणमातीची खनिजे विपुल असतात. या खनिजाचा एकेक पापुद्रा सुमारे एक नॅनोमीटर जाडीचा असून त्यावर ऋण विद्युतभार असतो. तो भागवण्यासाठी कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि सोडियम यांचे धन आयन पापुद्र्यांच्या आसपास गोळा होतात. कॅल्शियमच्या आयनावर दोन भार असल्याने तो पृष्ठभागाजवळ घट्ट राहतो, आयनांचा थर पातळ राहतो आणि कण एकमेकांजवळ येऊन गुठळी धरतात. सोडियमवर एकच भार असतो आणि तो भोवती पाण्याचे वेष्टन घेऊन पृष्ठभागापासून दूरवर पसरतो. त्यामुळे थर जाड होतो, शेजारचे कण एकमेकांना दूर लोटतात आणि पाणी मिळताच सुटे होतात. हे सुटलेले कण पाण्याबरोबर खाली उतरून बारीक पोकळ्यांच्या तोंडाशी अडकतात. त्यात काळ्या मातीचे फुगणे मिळाले, की उरलेल्या वाटाही मिटतात. मग वर पाणी तुंबते, खाली माती कोरडी राहते आणि वाफसा येतच नाही.

मात्र आयन कोणता आहे याइतकेच पाण्यात एकूण क्षार किती आहेत, यालाही महत्त्व आहे. पाणी खारट असेल तर आयनांचा तो जाड थर दबतो आणि सोडियमने भरलेली मातीसुद्धा गुठळी धरून राहते. म्हणूनच खारवट-चोपण जमीन पांढरी फुटलेली असूनही हाताला भुसभुशीत लागू शकते. तिच्यावर आधी गोडे पाणी सोडले, तर दाबून धरणारे क्षार निघून जातात, चिकटलेला सोडियम तसाच राहतो आणि कण विखुरतात. त्यानंतर पाणी मुरणेच थांबल्यामुळे पुढची सुधारणा कितीतरी अवघड होते. या जमिनीत आधी जिप्सममधून (कॅल्शियम सल्फेट) कॅल्शियम आणि मग धुलाई, हा क्रम मोडता कामा नये.

घरी करण्याची परीक्षा

ऑस्ट्रेलियातील मृदाशास्त्रज्ञ इमर्सन यांनी 1967 मध्ये मांडलेली ही परीक्षा साधी आहे. शेतातून वाटाण्याएवढी, सावलीत वाळवलेली तीन-चार ढेकळे घ्यावीत. काचेच्या उथळ भांड्यात बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी किंवा स्वच्छ साठवलेले पावसाचे पाणी घेऊन त्यात ती अलगद सोडावीत आणि भांडे अजिबात हलवू नये. विहिरीचे किंवा नळाचे पाणी वापरू नये, कारण त्यातले क्षारच दोष झाकतात. ढेकळातून हवेचे बुडबुडे निघतील, त्याच्या कडा ढासळतील आणि कदाचित संपूर्ण ढेकूळच कण्यांच्या ढिगासारखे बसेल. हे नुसते ढासळणे दिसले म्हणून घाबरू नये. सेंद्रिय पदार्थ कमी असलेली बहुतेक माती अशी ढासळते. लक्ष ठेवायचे ते ढिगाभोवतीच्या पाण्यावर. दहा मिनिटांनी, दोन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी भांडे काळ्या कागदावर ठेवून पाहावे. ढिगाभोवती दुधाळ वलय धरले आणि ते तळाशी पसरत गेले, तर कण विखुरत आहेत. पाणी नितळच राहिले, तर एक शक्यता तपासायची उरते. वरचे पाणी हळूच ओतून टाकून ताजे डिस्टिल्ड पाणी घालावे आणि हेच दोन-तीनदा करावे. क्षार धुतले गेल्यावर वलय उमटले, तर ती जमीन खारवट-चोपण आहे असे धरून चालावे.

वलय उमटलेल्या मातीचे गढूळ पाणी दोन बाटल्यांत सारखे भरून एकीत चिमूटभर बारीक जिप्सम टाकावे आणि दोन्ही हलवून ठेवाव्यात. जिप्समच्या बाटलीत कण गुठळ्या धरून खाली बसतात आणि वर नितळ पाणी दिसते, तर दुसरी बाटली दुसऱ्या दिवशीही गढूळ असते. शेतात नेमके हेच घडवून आणायचे आहे.

प्रयोगशाळेच्या अहवालात काय पाहावे

घरच्या परीक्षेवरून जिप्समची मात्रा ठरत नाही. नमुने 0 ते 15, 15 ते 30 आणि 30 ते 60 सेंटिमीटर अशा तीन थरांतून वेगवेगळे घ्यावेत. बिघडलेला आणि चांगला पट्टा एकत्र मिसळू नये. अमेरिकेच्या कृषी खात्याने 1954 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मर्यादा आजही वापरल्या जातात. संपृक्त अर्काची (माती पाण्याने पूर्ण भिजवून काढलेल्या पाण्याची) विद्युत वाहकता 4 डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त असेल, तर जमीन खारवट असते. विनिमययोग्य, म्हणजे कणांना चिकटलेल्या, सोडियमचे शेकडा प्रमाण 15 पेक्षा जास्त आणि सामू (pH) 8.5 पेक्षा जास्त असेल, तर ती चोपण असते. येथे दोन गोष्टी आवर्जून तपासाव्यात. आपल्याकडील बहुतेक अहवालांत वाहकता एक भाग मातीला अडीच भाग पाणी घेऊन मोजलेली असते. तो आकडा संपृक्त अर्कापेक्षा बराच कमी येतो, म्हणून त्याला 4 ची मर्यादा लावू नये. दुसरे म्हणजे 15 ही मर्यादा फुगणाऱ्या काळ्या मातीसाठी ढिली आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्यासारख्या जमिनीत सोडियम त्याहून बराच कमी असतानाच पाणी मुरणे घटते, त्यामुळे 8-10 हा आकडा दिसला तरी दुर्लक्ष करू नये.

मात्रेचा हिशेब

एक हेक्टर क्षेत्रातील वरच्या 15 सेंटिमीटर मातीचे वजन सुमारे 20 लाख किलो धरले, तर दर किलो मातीमागे एक सेंटिमोल (चिकटलेले आयन मोजण्याचे एकक) सोडियम हटवण्यासाठी सुमारे 1.7 टन शुद्ध जिप्सम लागते. एकरी हे प्रमाण सुमारे 700 किलो होते. समजा, मातीची धन आयन धरण्याची क्षमता 50 सेंटिमोल आहे आणि सोडियमचे प्रमाण 18 टक्के आहे. म्हणजे चिकटलेला सोडियम 9 सेंटिमोल झाला. तो 5 टक्क्यांवर, म्हणजे अडीच सेंटिमोलवर आणायचा असेल, तर साडेसहा सेंटिमोल हटवावा लागेल आणि एकरी सुमारे साडेचार टन शुद्ध जिप्सम लागेल. पोत्यातले जिप्सम 80 टक्के शुद्ध असेल, तर तेच 5.7 टनांवर जाते. हा आकडा मोठा आहे, म्हणून एकरी दोन-चार पोती टाकून जिप्समचा उपयोग होत नाही असे ठरवणे अन्यायाचे आहे. खर्च झेपत नसेल तर मात्रा दोन-तीन वर्षांत विभागावी, पण दर वर्षी आधी सर्वांत वाईट पट्ट्याला पुरेशी द्यावी.

जिप्सम एक लिटर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम विरघळते. चिकणमाती कॅल्शियम ओढून घेत गेल्याने शेतात ते थोडे अधिक विरघळते, तरीही पाणी आणि वेळ दोन्ही लागतातच. ते बारीक दळलेले असावे, पावसाळ्यापूर्वी सारखे पसरावे आणि वरच्या 10 ते 15 सेंटिमीटर थरातच मिसळावे; नांगराने खोल गाडू नये.

मातीत मोकळा चुना असेल, तर त्यातला कॅल्शियमही कामाला लावता येतो. मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकल्यावर ती फसफसली, तर चुना आहे. अशा जमिनीत गंधक टाकल्यास जिवाणू त्याचे सल्फ्युरिक आम्ल बनवतात, ते चुन्याशी मिळून जागच्या जागी जिप्सम तयार होते. गंधक जिप्समच्या पाचव्या हिश्श्याहून थोडे कमी लागते, पण ओल, ऊब आणि हवा नसेल तर हे काम होत नाही. धैंचा किंवा ताग फुलावर येण्याआधी गाडल्यास कुजताना निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळेही थोडा चुना विरघळतो; शेणखत आणि हिरवळीचे खत मी यासाठीच जिप्समचे सोबती मानतो, पर्याय मानत नाही.

निचरा आणि सिंचनाचे पाणी

सुटलेला सोडियम सोडियम सल्फेटच्या रूपात पाण्यात असतो. त्याला बाहेर जायला वाट नसेल, तर उन्हाळ्यात तो केशाकर्षणाने पुन्हा वर येतो. म्हणून चर किंवा सच्छिद्र पाईपची भूमिगत निचरा प्रणाली जिप्समच्या आधी तयार असावी आणि तिची खोली व अंतर पाहणी करूनच ठरवावे. पाईपचे पाणी शेजाऱ्याच्या शेतात न जाता नाल्यात जाईल, याची सोय गावाने मिळून करावी लागते. जिप्सम मिसळल्यावर बांध घालून पावसाचे पाणी शेतातच मुरवावे.

विहिरीचे पाणीही तपासावे. कार्बोनेट आणि बायकार्बोनेट यांच्या बेरजेतून कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची बेरीज वजा केली, की अवशिष्ट सोडियम कार्बोनेट मिळते. ते लिटरमागे 1.25 मिलि इक्विव्हॅलंटपर्यंत (पाण्यातले आयन मोजण्याचे एकक) चालते, 2.5 च्या वर धोक्याचे असते. असे पाणी जमिनीत आटत गेले, की कॅल्शियम चुनखडीच्या रूपात बाहेर पडतो आणि मागे सोडियम उरतो. सुधारलेली जमीन पुन्हा चोपण होण्याचे हे नेहमीचे कारण आहे. असा एक मिलि इक्विव्हॅलंट भागवण्यासाठी साडेसात सेंटिमीटरच्या एका पाळीला एकरी सुमारे 26 किलो शुद्ध जिप्सम लागते. पाण्यातला आकडा 3.5 असेल आणि तो 1.25 वर आणायचा असेल, तर दर पाळीला 59 किलो धरावे. पाटात जिप्समची पोती ठेवून पाणी त्यावरून सोडता येते, मात्र पोते किती झिजले हे पाळीमागून पाळी पाहून खडे फोडावे लागतात, नाहीतर वर चुन्याचा पापुद्रा बसून ते विरघळणे थांबते.

पहिल्या पावसाळ्यानंतर तिन्ही थरांचे नमुने पुन्हा घ्यावेत आणि ढेकळांची परीक्षाही तीनही थरांवर करावी. वरचा थर नितळ आणि 30 सेंटिमीटरखालचा दुधाळ आला, तर पुढच्या वर्षीच्या जिप्समचा हप्ता चुकवू नये आणि तोवर खोल मुळांची फळझाडे लावू नयेत.