लडलो बघायचं तर बाजारापासून सुरुवात करा

लडलो हे इंग्लंडमधलं, वेल्सच्या सीमेजवळचं जुनं गाव. तिथे जायचं तर सोमवार, बुधवार, शुक्रवार किंवा शनिवार धरा. या दिवशी किल्ल्यासमोरच्या चौकात बाजार भरतो. मी पहिल्या खेपेला मंगळवारी गेलो, जुन्या इमारती बघून परतलो. गाव कळलं ते दुसऱ्या खेपेला, पालांच्या गर्दीत.

श्रूझबरीहून हेरफर्डकडची गाडी साधारण अर्ध्या तासात पोहोचवते. स्टेशनपासून चढ आहे, बूट चांगले घाला.

किल्ल्यात लगेच शिरू नका. त्याच्याकडे पाठ करून चौकात उभे राहा. इथून बुल रिंग नावाच्या रस्त्यापर्यंत एके काळी एकच रुंद बाजारपेठ होती. आता थोडं चाललात की ती अरुंद बोळांत फुटते. तिथे थांबा आणि मधल्या घरांकडे नीट बघा. त्या जागी पालं होती. पालाचा गाळा झाला, गाळ्याचं घर झालं. ज्यानं आपल्याकडचा आठवडी बाजार पाहिलाय, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग बटरक्रॉस या जुन्या इमारतीच्या घड्याळाखालून ब्रॉड स्ट्रीट उतरा. समोरून विटांची ऐटदार घरं दिसतील. बाजूच्या बोळात वळून बघा, कित्येकांचा सांगाडा जुना, लाकडी आहे. गावाचा पहिला पैसा लोकरीचा. पुढे वेल्स आणि सीमाभागाचा कारभार पाहणारं मंडळ इथल्या किल्ल्यात बसायचं, त्यामुळे वकील आणि पक्षकारांचा राबता असे. १६८९ साली ते बंद झालं. रस्त्याच्या तळाशी ब्रॉड गेट आहे. गावकुसाच्या सात वेशींपैकी तेवढीच धड उरली आहे.

परत वर या आणि सेंट लॉरेन्सच्या चर्चमध्ये वेळ काढा. गायकांच्या दुमडत्या आसनांखाली २८ कोरीव कामं आहेत. त्यातलं एक शोधाच: खोट्या मापानं बिअर विकणारीला भुतं नरकात नेताहेत! बाजारावर जगणाऱ्या गावाला मापात मारणं किती मोठं पाप वाटत असेल, ते त्या लाकडात दिसतं. दम असेल तर १३५ फुटी मनोऱ्यावर चढा.

किल्ला शेवटी. आत गोल देवघर आहे, तसं क्वचितच दिसतं. आठव्या हेन्रीचा थोरला भाऊ आर्थर १५०२ साली इथेच वारला.

मी विजयदुर्गाकडचा, म्हणून आणखी एक सांगतो. १८११ मध्ये हा किल्ला सरकारकडून विकत घेतला तो पोविसच्या अर्लनं, म्हणजे एडवर्ड क्लाइव्हनं. त्याचा बाप रॉबर्ट क्लाइव्ह. १७५६ साली इंग्रज दर्यासारंग वॉटसनचं आरमार तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर आलं, तेव्हा त्यातल्या जमिनीवरच्या फौजेचा म्होरक्या तोच होता. किल्ला आजही त्याच घराण्याकडे आहे. तिकीट काढून आत जाताना माझा हात क्षणभर थबकला, आणि तटावरून टीम नदी दिसली तेव्हा वाघोटनची खाडीच डोळ्यांपुढे आली.