कोव्हन जॉइन करायचंय? मग या चुका टाळा

आमच्या कोव्हनकडे, म्हणजे विक्का या आधुनिक पेगन धर्मातल्या आमच्या छोट्या गटाकडे, नवीन लोकांचे मेल येतात ते बरेचसे मीच वाचते आणि आउटर कोर्टच्या (दीक्षेआधी शिकणाऱ्यांच्या) वर्गातही असते. इंग्लंडात इतकी वर्षं हे बघतेय आणि त्याच त्या चुका दिसल्या की वाईट वाटतं, कारण त्यामुळे चांगली माणसं बाहेर राहतात आणि काही जण भलत्याच हातात सापडतात. मी गार्डनेरियन लाइनमधली, म्हणजे जेराल्ड गार्डनरपासून दीक्षेने चालत आलेल्या परंपरेतली, त्यामुळे लिहितेय ते तिथलं. अलेक्झांड्रियन या जवळच्या परंपरेतल्या लोकांचंही बरंचसं असंच असतं, एकट्याने विक्का करणाऱ्यांना मात्र यातलं निम्मं लागू नाही.

घाई. सगळ्यात आधी घाई. पहिल्याच मेलमध्ये "इनिशिएशन कधी मिळेल?", म्हणजे दीक्षा कधी, असं विचारलेलं असतं, आणि वर्षभर आणि एक दिवस थांबायची रीत आहे म्हटलं की समोरचा गप्प होतो किंवा "मी ऑलरेडी खूप वाचलंय" म्हणतो. अहो, वाचन चांगलंच आहे, पण हे वर्ष वाचनासाठी नाहीये. वर्षभरात आठही सण एकदा येऊन जातात आणि माणूस कळतो. डिसेंबरात युलला सगळे येतात, सुट्टी असते, खाणं-पिणं असतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला इम्बोल्कला पाचलाच अंधार, बाहेर बारीक पाऊस, दुसऱ्या दिवशी ऑफिस, तेव्हा कोण येतं ते मी बघते. शिवाय परंपरेने विधीचं सर्कल नऊ फूट व्यासाचं, त्यात जास्तीत जास्त तेरा माणसं, कोपराला कोपर लागतं, म्हणजे एक माणूस जरी जमत नसेल तरी सगळ्यांचं काम बिघडतं. आम्ही तुम्हाला बघतो तसं तुम्हीही आम्हाला बघायचं असतं, हे घाईवाले विसरतात.

आणि घाईवाल्यांनाच फसवणारे भेटतात. पुण्याहून इथे शिकायला आलेली एक मुलगी, तिला ऑनलाइन एक स्वतःला हाय प्रीस्ट (कोव्हनचा मुख्य पुरोहित) म्हणवणारा भेटला, एका वीकेंडमध्ये तिन्ही डिग्री, म्हणजे दीक्षेचे तिन्ही टप्पे, देतो म्हणाला, फी घेतली, आणि मग सांगितलं की तिसरी डिग्री "प्रायव्हेट" असते, तू एकटीच ये. तिचं नशीब की जायच्या आदल्या दिवशी तिने मला फोन केला. मी म्हटलं, त्याला फक्त तीन गोष्टी विचार: तुम्हाला इनिशिएट कोणी केलं, तुमची हाय प्रीस्टेस कोण, आणि तुमच्या कोव्हनमधल्या दुसऱ्या कुणाला मी कॅफेत भेटू शकते का. तो असा भडकला की उत्तर मिळालंच. ती गेली नाही. पैसे काही परत आले नाहीत.

तर नीट वाचा. आमच्या परंपरेत इनिशिएशनचे आणि शिकवण्याचे पैसे घेतच नाहीत. मेणबत्त्या, धूप, हॉलचं भाडं हे वाटून घेतात, बस. पहिल्या डिग्रीपासून तिसरीपर्यंत जायला वर्षं लागतात. ग्रेट राइट, म्हणजे देव-देवीच्या मीलनाचा विधी, बहुतेक वेळा प्रतीकानेच होतो, चॅलिसमध्ये (विधीच्या पेल्यात) अथामेचं (विधीच्या सुऱ्याचं) टोक बुडवून, आणि नवीन माणसाकडून शरीरसंबंध मागणारा कुणीही असो, तिथून उठून निघायचं. काही कोव्हन विवस्त्र काम करतात हे खरंय, पण चांगलं कोव्हन हे खूप आधी स्पष्ट सांगतं आणि नाही म्हणायला जागा ठेवतं. लाइनेज, म्हणजे कुणी कुणाला दीक्षा दिली ती साखळी, विचारायला लाजू नका, चांगल्या हाय प्रीस्टेसला त्या प्रश्नाचा राग येत नाही. मी स्वतः तर पहिली भेट कायम पबमधल्या मूटला (पेगन लोकांच्या गप्पांच्या भेटीला) किंवा कॉफीलाच ठेवते, कुणाच्या घरी नाही. सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर पेगन फेडरेशन ही पेगन लोकांची संस्था 1971 पासून आहे, त्यांच्या कार्यक्रमांना जा, माणसं बघा.

दुसरी चूक, जिच्यावर माझं डोकं खरंच तापतं: फोटो. आउटर कोर्टच्या पौर्णिमेला एकाने वेदीचा फोटो काढला, कुणाला न विचारता, आणि रात्रीच ऑनलाइन टाकला. मेणबत्त्या सुंदर आल्या होत्या, मागे आमच्यातल्या एकीचा अर्धा चेहराही आला होता. ती प्राथमिक शाळेत शिकवते, सासरी कुणाला माहीत नव्हतं. फोटो तासाभरात काढून टाकला पण तोवर तिच्या नणंदेने बघितला होता. पुढचे कित्येक महिने त्या घरात काय चाललं ते मी लिहिणार नाही. ती आमच्याकडे यायची थांबली, आणि तिच्यासारखं चांगलं ड्रम वाजवणारं नंतर कुणी मिळालं नाही. फोटो काढणाऱ्या त्या मुलाचं म्हणणं होतं की आता लपवायचं काय, 1951 मध्ये जुना विचक्राफ्ट अ‍ॅक्ट (जादूटोण्याबद्दलचा कायदा) रद्द झाला, 1954 मध्ये तर गार्डनरने पुस्तकच छापलं. बरोबर, पण त्याच गार्डनरने 1953 मध्ये इनिशिएट केलेल्या डोरीन व्हॅलिएन्टीने आई हयात असेपर्यंत हे घरात कळू दिलं नव्हतं. कायदा बदलला म्हणून घरं बदलत नाहीत. कुणाचं नाव, चेहरा, पत्ता बाहेर काढायचा नाही, तो सांगायचा हक्क फक्त त्या माणसाचा. आमच्याकडे आता फोन दारातल्या टोपलीत जातात आणि ज्याला हे जमत नाही त्याला मी परत बोलवत नाही.

बाकीच्या पटापट सांगते.

करणी शिकायला येऊ नका. एक्सला परत आणायचंय, बॉसला धडा शिकवायचाय असले मेल मराठीतूनही येतात, त्यांना माझं उत्तर एका ओळीचं असतं: कुणाचं वाईट न करता हवं ते कर, हा आमचा पहिला नियम.

नेटवरची बुक ऑफ शॅडोजची (आमच्या विधींच्या पुस्तकाची) पीडीएफ आणून "हे तुमचंच ना?" विचारू नका. आमचं पुस्तक इनिशिएशननंतर हाताने उतरवायचं असतं, आणि उतरवता उतरवता जे डोक्यात बसतं ते डाउनलोड करून बसत नाही.

महागडा अथामे आधीच घेऊन ठेवू नका. आणि असेल तर ट्रेनमध्ये उघडा बॅगेत नको. ब्रिटनमध्ये धार्मिक कारण कायद्याला चालतं, पण ते तुम्हाला पटवून द्यावं लागतं, आणि रात्री अकराला स्टेशनवर पोलिसाला विक्का समजावत बसणं कुणालाच नको असतं. मी गुंडाळून, बॅगेच्या तळाशी, थेट घर ते कोव्हन नेते, वाटेत पबमध्ये थांबत नाही.

एकाच वेळी दोन कोव्हनमध्ये शिकत असाल तर दोघांना सांगा. लपवलेलं कळतंच, हे जग फार छोटं आहे.

दारू पीत नसाल, शाकाहारी असाल, कशाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. चॅलिसमध्ये ज्यूस घालायला आम्हाला काहीच अडचण नसते.

धुपाचा कोळसा थेट पितळी भांड्यात ठेवू नका, खाली वाळूचा जाड थर हवाच, नाहीतर भांडं तापून टेबल जळतं. आणि पेटवायच्या आधी त्या खोलीतला स्मोक अलार्म कुठे आहे ते बघून खिडकी उघडा.