तोशिबाचा एचडी-ए१ प्लेअर: एचडी डीव्हीडी लावताना या चुका टाळा

तोशिबाने एप्रिल २००६ मध्ये एचडी-ए१ हा एचडी डीव्हीडी (उच्च स्पष्टतेच्या सिनेमांच्या डिस्कचा एक प्रकार) चालवणारा प्लेअर अमेरिकेत ४९९ डॉलरला विक्रीस आणला आणि १९ फेब्रुवारी २००८ रोजी ब्लू-रे या प्रतिस्पर्धी डिस्कपुढे माघार घेत एचडी डीव्हीडीचा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. जुन्या वस्तूंच्या बाजारातून तो घेणाऱ्यांच्या पुष्कळ तक्रारी यंत्राच्या बिघाडाच्या नसतात. पेंटियम ४ प्रोसेसर आणि लिनक्स प्रणालीवर चालणारा हा मुळात एक संगणकच आहे, हे लक्षात न घेतल्याने त्या उद्भवतात.

पहिली चूक उतावीळपणाची. प्लेअर सुरू होऊन डिस्क वाचण्याच्या तयारीत यायला सुमारे एक मिनिट लागते आणि त्यानंतर डिस्क ओळखण्यात आणखी वेळ जातो. या काळात रिमोटची बटणे दाबत राहणे किंवा यंत्र अडकले आहे असे समजून प्लग उपटणे टाळावे. फर्मवेअर (यंत्रातील अंगभूत सॉफ्टवेअर) अद्ययावत होत असताना वीज तोडली, तर प्लेअर कायमचा निकामी होण्याचा धोका असतो. आत संगणकासारखीच उष्णता निर्माण होत असल्यामुळे हवा खेळण्याच्या जाळ्या झाकतील अशा बंदिस्त कपाटात तो ठेवू नये.

अमेरिकेतून भारतात आणलेल्या यंत्राबाबत सर्वांत महागात पडणारी चूक विजेची आहे. हा प्लेअर १२० व्होल्टचा आहे. पिन बदलणारा स्वस्त अडॅप्टर व्होल्टेज कमी करत नाही, त्यामुळे प्लेअर थेट आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावला तर पॉवर सप्लाय जळू शकतो. यंत्रामागे छापलेल्या वॅटपेक्षा पुरेशा जास्त क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेणे हाच योग्य मार्ग आहे. एचडी डीव्हीडीला रीजन कोड (डिस्क ठरावीक प्रदेशातल्या यंत्रावरच चालू देणारे बंधन) नसल्यामुळे युरोपातील डिस्कही या प्लेअरवर चालते, पण साध्या डीव्हीडीला ही सवलत नाही. अमेरिकी यंत्र रीजन १ चे, तर भारत रीजन ५ मध्ये आहे.

चित्राविषयी दोन गैरसमज नेहमी आढळतात. एचडी-ए१ जास्तीत जास्त १०८०आय (चित्राच्या १०८० ओळी अर्ध्या-अर्ध्या करून आलटून पालटून) देतो, त्यामुळे टीव्हीवर १०८०पी (सर्व ओळी एकदम) दिसत नाही म्हणून केबल बदलत बसण्यात अर्थ नाही. साधी डीव्हीडी कंपोनंट (तीन तारांच्या अ‍ॅनालॉग) केबलवरून ४८०पी च्या वर जात नाही, हाही दोष नसून कॉपी-संरक्षणाच्या नियमांनी घातलेली मर्यादा आहे. एचडीएमआयवर पडदा काळा राहिला, तर मधला स्प्लिटर किंवा स्विच काढून प्लेअर थेट टीव्हीला जोडावा, टीव्ही आधी सुरू करावा आणि मग प्लेअर.

आवाजासाठी ऑप्टिकल केबल वापरणाऱ्यांना आणखी एक गोष्ट चकवते. डिस्कवर डॉल्बी ट्रूएचडी (दर्जा न घटवता साठवलेला आवाज) लिहिलेले असताना रिसीव्हरवर (स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या यंत्रावर) डीटीएस या वेगळ्या ध्वनिप्रकाराचा दिवा लागतो. प्लेअर तो आवाज आतच उलगडून डीटीएसमध्ये पुन्हा बांधून पाठवतो, कारण ट्रूएचडी त्या केबलमधून जाऊच शकत नाही. आवाजाचा पूर्ण दर्जा हवा असेल तर एचडीएमआयवरून पीसीएम (प्लेअरने आधीच उलगडलेला डिजिटल आवाज) घ्यावा किंवा मागील बाजूच्या ५.१ (सहा वाहिन्यांच्या) अ‍ॅनालॉग जोडण्या वापराव्यात. सेटिंग एकदा नीट लावले की फरक कानाला लगेच जाणवतो.

आता डिस्ककडे वळू. एचडी डीव्हीडी ब्लू-रे प्लेअरमध्ये चालत नाही. दोन्हींत ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा लेसर असला, तरी एचडी डीव्हीडीत माहितीचा थर ०.६ मिलिमीटर खोल, तर ब्लू-रेत केवळ ०.१ मिलिमीटर खोल असतो. कॉम्बो डिस्कच्या एका बाजूला एचडी डीव्हीडी व दुसऱ्या बाजूला साधी डीव्हीडी असते, म्हणून चित्र अपेक्षेपेक्षा मऊ दिसले तर आधी डिस्क उलटून पाहावी.

सिनेमा दर वेळी त्याच ठिकाणी अडकत असेल, तर लेन्सला दोष देण्यापूर्वी दुसऱ्या स्टुडिओची डिस्क लावून पाहावी. वॉर्नरच्या अनेक एचडी डीव्हीडी कालांतराने आतून खराब झाल्या आहेत आणि वरून ओरखडा नसला तरी त्या वाचल्या जात नाहीत. कोणत्याही पॉलिशने त्या सुधारत नाहीत. युनिव्हर्सलची डिस्क सुरळीत चालली, तर प्लेअर उघडण्याची गरज नाही. वापरलेली वॉर्नरची डिस्क विकत घेताना ती शेवटपर्यंत चालवून पाहण्याची मुभा विक्रेत्याकडून आधीच मागून घ्यावी.