व्हेरिकोसीलच्या ऑपरेशनला जाण्याआधी

माझ्या मावसभावाचं व्हेरिकोसीलचं, म्हणजे मूल राहावं म्हणून अंडकोशातल्या फुगलेल्या शिरा बांधायचं, ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलंय. माझ्या वेळी जे चुकलं ते त्याचं चुकू नये म्हणून लिहितोय.

आधार कार्ड, पैसे, सोबत एक माणूस, हे सांगायला नको. आधी वीर्य तपासणी. एक नाही, दोन. मी एकच केली, तीही डेंग्यूतून उठून तीन आठवडे होत नाहीत तोवर. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे मोठ्या तापाचा फटका पुढचे दोन-तीन महिने रिपोर्टात दिसतो. तापाचं मला कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. ऑपरेशननंतर शुक्राणूंचा आकडा वाढला. शिरा बांधल्यामुळे वाढला की ताप ओसरल्यामुळे, ते आजपर्यंत कळलं नाही. आम्ही दोघं नवरा-बायको त्या एका कागदाकडे बघत बसलो, आणि थांबायचं की आयव्हीएफकडे (टेस्ट ट्यूब बेबीकडे) वळायचं हे ठरवता येईना.

म्हणून दोन तपासण्या, मध्ये काही आठवडे सोडून, एकाच लॅबमध्ये. आधी 2 ते 7 दिवस संबंध नको, आणि दोन्ही वेळी दिवस सारखेच ठेवा. ते दिवस आणि गेल्या तीन महिन्यांतला ताप रिपोर्टवर लिहून घ्या. नमुना तासाभरात लॅबला पोचावा लागतो, तेव्हा गावाहून डबीत घालून एस्टीने आणू नका, तिथेच द्या. लाज बाजूला ठेवा.

डॉक्टरांनी उभं करून, जोर लावायला सांगून, हाताने तपासलं पाहिजे. हाताला न लागणारी, नुसती सोनोग्राफीत दिसणारी शीर असेल तर ऑपरेशनचा उपयोग होत नाही. शंभरातल्या पंधरा-एक पुरुषांना व्हेरिकोसील असतं आणि त्यातल्या कित्येकांना मुलं होतात. घाईने टेबलावर चढू नका. बायकोची तपासणीही त्याच महिन्यात करा. तिचं वय पस्तिशीकडे झुकलं असेल तर हे आणखीच महत्त्वाचं.

‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ म्हणजे नेमकं कोणतं ते विचारा. आपल्याकडे पोटातून करतात त्यालाही दुर्बिणीचं म्हणतात आणि जांघेजवळ छोटी चीर देऊन मायक्रोस्कोपखाली करतात त्यालाही. मायक्रोस्कोपच्या पद्धतीत शिरा पुन्हा फुगण्याचं आणि अंडकोशात पाणी भरण्याचं प्रमाण कमी असतं.

जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं दिली असतील तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, त्यांनी शुक्राणू बनणं बंद पडतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही सांगा. तंबाखू सोडा.

तारीख सोयाबीन निघाल्यावरची घ्या. नंतर काही आठवडे पोती उचलणं नाही, की खड्ड्यांतून मोटारसायकल नाही. पेरणीच्या तोंडावर ऑपरेशन केलं तर हे कुणाच्यानेही पाळलं जात नाही.

त्या दिवशी सांगतील तितके तास उपाशी. घट्ट लंगोट किंवा सपोर्टर जवळ ठेवा. जखम कोरडी. ताप किंवा जास्त सूज आली तर लगेच दाखवा.

पुढची वीर्य तपासणी तीन महिन्यांनी, त्याआधी करून पैसे घालवू नका. मध्येच ताप येऊन गेला तर ती पुढे ढकला. आणि ऑपरेशनआधीचे रिपोर्ट, दोन्ही, सोबत घेऊनच जा.