बंद पडलेली पद्मिनी: आधी सेल्फ मारू नका

वर्षानुवर्षे उभी असलेली प्रीमियर पद्मिनी हाती आली की जो तो नवी बॅटरी लावून सेल्फ मारतो. सिलिंडरच्या भिंतींवर तेल उरलेलं नसतं, पिस्टनच्या रिंगा गंजून चिकटलेल्या असतात. अशात सेल्फ मारला की रिंग तुटते आणि इंजिन उघडायची वेळ येते.

त्याऐवजी असं करा:

१. चारही स्पार्क प्लग काढा. त्याआधी भोकांभोवतीची धूळ फुंकून टाका, नाहीतर ती थेट आत जाते.

२. इंजिन ऑइल आणि डिझेल निम्मं-निम्मं मिसळून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे सोडा. भोकांवर फडकं टाकून दोन दिवस तरी थांबा. हे थांबणंच खरं औषध आहे.

३. गाडी टॉप गिअरमध्ये टाकून हळूच पुढे-मागे ढकला आणि पंख्याकडे बघा. पट्टा शाबूत असेल तर इंजिन सुटताच पंखा हलतो. नाही हलला, चाकं अडली, तर जोर लावू नका. पुन्हा मिश्रण सोडा, आणखी थांबा.

इंजिन मोकळं झालं की ऑइल बदला. टाकीतलं जुनं पेट्रोल मात्र वापरूच नका, त्याचा चिकटा कार्बोरेटरचे जेट (पेट्रोलची बारीक छिद्रं) बुजवतो. पहिल्यांदा बाटलीतून ताजं पेट्रोल द्या.

सावधान: गिअर न्यूट्रलला आणून, प्लग लावण्याआधी सेल्फ मारून उरलेलं मिश्रण बाहेर काढावं लागतं. ते भोकांतून जोरात उडतं. कॉइलची मुख्य वायर आधी काढून ठेवा, ठिणगी पडली तर भडका उडेल. तोंडही बॉनेटखाली नेऊ नका.