हेडफोनची वायर आखूड करून नवी पिन लावताना या चुका टाळा

टेबलाशी बसून ऐकण्यासाठी घेतलेल्या मोठ्या हेडफोनला पुष्कळदा तीन मीटर लांबीची वायर असते. स्टुडिओत ती सोयीची असेल, परंतु कोथरूडमधल्या आमच्या घरात ती रोज खुर्चीच्या चाकाखाली येत असे, आणि एके दिवशी वडिलांच्या हेडफोनचा उजवा कान बंद पडला. दोष पिनेजवळच होता. म्हणून दीड मीटर वायर ठेवायची, बाकीची कापून टाकायची आणि नवी पिन सोल्डर करायची, म्हणजे वितळलेल्या धातूने जोडायची, असे ठरवले. ते काम नीट झाले आणि मग नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे हेडफोनही माझ्याकडे येऊ लागले. त्यांतल्या बऱ्याच हेडफोनवर कोणीतरी आधीच हात चालवलेला असे, टाके वरून चकचकीत दिसत, तरीही आवाज येत नसे. कारण जवळजवळ प्रत्येक वेळी एकच निघाले: तारेवरचे विद्युतरोधक वार्निश काढलेलेच नव्हते, त्यामुळे सोल्डर तांब्याला धरण्याऐवजी वार्निशवर नुसते बसले होते. हा लेख मुख्यतः त्या एका चुकीसाठी आहे. तिच्या आगेमागे घडणाऱ्या इतर चुकाही ओघाने येतील.

कापण्यापूर्वी

वायर नेहमी पिनेच्या बाजूने कापावी. मधला तुकडा काढून दोन टोके जोडली, तर वायरीत एक कायमची कमजोर गाठ राहते आणि सोल्डरचे टाकेही दुप्पट होतात. ज्या वायरीवर माइक आणि बटणाची डबी आहे, तिथे ती डबी आणि कान यांच्यामधला भाग कापू नये. वायर हेडफोनपासून सुटी होत असेल तर कापण्याची गरजच नाही, कमी लांबीची वायर आणून बसवता येते. हेडफोन वॉरंटीत असेल, तर कात्री लावण्याआधी तेही लक्षात घ्यावे.

लांबी मोजताना ताठ बसून मोजू नये. मागे रेलून, मान दोन्ही बाजूंना वळवून मोजावे आणि जी लांबी येईल तिच्यात वीस सेंटिमीटर वाढवून कापावे. पहिला प्रयत्न फसला तर प्रत्येक वेळी दोन-तीन सेंटिमीटर वायर खर्ची पडते. कापल्यावर आतले तांबे काळवंडलेले किंवा हिरवट दिसले, तर ते उजळ दिसेपर्यंत आणखी मागे कापावे, कारण काळ्या पडलेल्या तांब्याला सोल्डर धरत नाही.

पिन निवडताना

पुण्यात या कामाचे सगळे सामान बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळते. दुकानात ‘हेडफोनची पिन’ एवढेच सांगितले, तर हातात काय पडेल याचा भरवसा नाही. ३.५ मिलिमीटरची, स्टिरिओ, धातूच्या टोपणाची पिन असे स्पष्ट मागावे. पिनेवर काळे पट्टे किती आहेत ते तिथेच मोजावे: दोन पट्टे म्हणजे तीन संपर्क, साध्या हेडफोनसाठी, तीन पट्टे म्हणजे चार संपर्क, माइकवाल्या हेडफोनसाठी. एकच पट्टा असलेली पिन मोनो असते. स्वतःची वायर सोबत नेऊन टोपणाच्या मागच्या भोकातून ओवून पाहावी, कारण वायर बारीक आणि भोक मोठे असले की ती आत हलत राहते आणि टाके लवकर तुटतात. त्याच फेरीत श्रिंक ट्यूबचा (गरम केल्यावर आक्रसून घट्ट बसणाऱ्या नळीचा) एक तुकडा आणि राळ भरलेले ६०/४० (साठ भाग कथील, चाळीस भाग शिसे) सोल्डर घ्यावे. पत्र्याच्या कामाला वापरतात ते आम्लयुक्त फ्लक्स (सोल्डर धरावे म्हणून लावायचे द्रव्य) मात्र घेऊ नये; त्याने टाका पटकन बसतो खरा, पण मागे राहिलेले आम्ल केसासारख्या तारा हळूहळू खाऊन टाकते.

वार्निश: सगळ्यात मोठी चूक

वायरीचे बाहेरचे आवरण दीड सेंटिमीटर सोलले की आत लाल, हिरव्या किंवा निळ्या, आणि तांब्याच्या रंगाच्या अतिशय बारीक तारांच्या जुड्या दिसतात. त्यांच्यात पांढरे धागे मिसळलेले असतात. वायर ओढली गेली तर ताण तांब्यावर न येता त्या धाग्यांवर यावा, यासाठी ते असतात. काही वायरींत प्रत्येक जुडीवर नेहमीसारखे प्लास्टिक असते आणि मग काम सोपे होते. परंतु प्लास्टिक दिसत नसेल, तर तो लाल-हिरवा रंग म्हणजेच विद्युतरोधक वार्निश आहे असे समजावे. इथे बहुतेकांची फसगत होते ती तांब्याच्या रंगाच्या तारेबाबत. ती उघडी वाटते, म्हणून लोक लाल आणि हिरवी तार खरवडतात आणि तिला तशीच जोडतात. प्रत्यक्षात तिच्यावरही बऱ्याचदा पारदर्शक वार्निश असते, आणि तीच तार दोन्ही कानांची सामाईक, म्हणजे ग्राउंडची असते.

वार्निश काढण्याचा भरवशाचा उपाय म्हणजे सोल्डरचीच उष्णता. तारा धाग्यांपासून वेगळ्या करून प्रत्येक जुडीला हलका पीळ द्यावा. सोल्डरिंग आयर्नचे टोक ओल्या स्पंजवर पुसून त्यावर ताज्या सोल्डरचा एक टपोरा थेंब घ्यावा आणि तारेचे टोक त्या थेंबात बुडवून धरावे. तापमान ठरवता येत असेल तर ते ३८० ते ४०० अंश सेल्सिअस ठेवावे. साध्या २५ वॅटच्या आयर्ननेही काम होते, मात्र ते पुरते तापलेले हवे. पहिले दोन सेकंद काहीच होत नाही. सोल्डर तारेपासून फटकून राहते, अळवाच्या पानावर पाणी राहावे तसे. मग थोडा धूर निघतो, तारेचा रंग काळपट होतो आणि अचानक सोल्डर तारेच्या कापलेल्या टोकापासून वर चढू लागते. ते सर्व बाजूंनी चार-पाच मिलिमीटर चढून तार चंदेरी झाली की थांबावे. न चढल्यास तेच जुने, करपलेले सोल्डर पुन्हा पुन्हा तापवू नये. टोक पुसून नवा थेंब घ्यावा, कारण वार्निश आणि मळ बाजूला सारण्याचे काम ताजी राळ करते. हा धूर डोळ्यांना आणि घशाला त्रासदायक असतो, म्हणून खिडकी उघडी ठेवावी. सोल्डरमध्ये शिसे असते, तेव्हा काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

लायटरच्या ज्योतीने वार्निश जाळण्याची पद्धत सर्रास सांगितली जाते, पण मी ती सुचवणार नाही. धागे पेट घेतात, तांबे काळे पडून ठिसूळ होते आणि मग त्यावर सोल्डर आणखीच धरत नाही. ब्लेडने खरवडताना निम्म्या तारा तुटतात. वार्निश उष्णतेला दाद देत नसेल, तर बारीक पॉलिश पेपर दुमडून त्याच्या घडीत तार धरावी आणि हलक्या हाताने ओढावी.

तिन्ही तारा चंदेरी झाल्यावर, पिनेला हात लावण्यापूर्वीच मल्टिमीटर २०० ओहमवर (ओहम म्हणजे विद्युतरोधाचे एकक) ठेवून मोजावे. ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये लाल आणि ग्राउंड यांच्यात तीसच्या आसपास आकडा यावा, हिरव्या आणि ग्राउंडमध्येही जवळपास तेवढाच. मीटरची सळई लावताच त्या बाजूच्या कानात बारीक खरखर ऐकू येते, तेव्हा हेडफोन डोक्यावर ठेवूनच हे मोजावे. डावी तार कोणती आणि उजवी कोणती याचा निर्णय रंगापेक्षा ही खरखर अधिक खात्रीने देते. सहसा लाल उजवी असते, पण सहसा म्हणजे नेहमी नव्हे. मीटरच्या ‘बीप’वर मात्र इथे विसंबू नये. अनेक मीटर तीस-चाळीस ओहमच्या खालीही बीप देतात, त्यामुळे हेडफोनच्या कॉइलमधून आलेला बीप शॉर्ट झाल्यासारखा वाटतो आणि नसलेला दोष शोधण्यात वेळ जातो.

पिनेवर टाके घालताना

सोल्डर करण्याआधी पिनेचे टोपण, त्याची स्प्रिंग, आतली प्लास्टिकची नळी आणि श्रिंक ट्यूब वायरीत ओवून घ्यावी. हे विसरले की चांगले जमलेले तिन्ही टाके पुन्हा सोडवावे लागतात.

तीन संपर्कांच्या पिनेत टोक डाव्या कानासाठी, मधले कडे उजव्या कानासाठी आणि बुंध्याचा लांब भाग ग्राउंडसाठी असतो. चार तारांच्या वायरीत दोन ग्राउंड असतात. त्या दोन्ही एकत्र पिळून बुंध्यालाच जोडायच्या. माइकवाल्या चार संपर्कांच्या पिनेत हल्लीच्या फोनसाठी टोक डावे, पहिले कडे उजवे, दुसरे कडे ग्राउंड आणि बुंधा माइक असा क्रम असतो. काही जुन्या फोनमध्ये शेवटचे दोन उलट होते. माइकचे बटण दाबून धरल्यावरच आवाज सुधारत असेल, तर ग्राउंड आणि माइक यांची अदलाबदल झाली आहे असे ओळखावे.

पिन नुसती पक्कडीत धरून तापवली की आतले प्लास्टिक मऊ होते आणि संपर्क जागचे हलतात. लाकडी ठोकळ्याला ३.५ मिलिमीटरचे भोक पाडून त्यात पिन उभी करावी, किंवा निकामी रेडिओच्या सॉकेटमध्ये खोचावी. चालू फोनच्या सॉकेटमध्ये कधीही नाही. पिनेच्या पाकळीवर आधी थोडे सोल्डर घ्यावे, मग चंदेरी तार तिच्यावर टेकवून दोन सेकंदच आयर्न लावावे. सोल्डर घट्ट होईपर्यंत हात हलता कामा नये. हलला तर टाका निस्तेज आणि रवाळ दिसतो, आणि काही दिवसांत सुटतो.

आवाजावरून दोष ओळखणे

टोपण बसवण्यापूर्वी पिनेवरच पुन्हा ओहम मोजावेत. टोक आणि बुंधा, कडे आणि बुंधा हे दोन आकडे जवळजवळ सारखे हवेत, आणि टोक व कडे यांच्यात दोन्हींची बेरीज यावी. शून्याजवळचा आकडा म्हणजे दोन टाके एकमेकांना चिकटले आहेत. आकडाच नसेल तर तार सुटली आहे किंवा वार्निश राहिले आहे.

मीटर नसेल, तर कानही पुष्कळ सांगतात. गाणे लावल्यावर तंबोरा, तबल्याची घुमक आणि सभागृहाचा नाद ऐकू येतो, पण गायकाचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा किंवा जवळजवळ नाहीसाच होतो, असे असेल तर ग्राउंडची तार लागलेली नाही. त्या वेळी दोन्ही कान एकामागोमाग एक जोडले जातात आणि डाव्या-उजव्या आवाजातला फरक तेवढा उरतो. गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच मुद्रित केलेला असल्यामुळे तो परस्पर रद्द होतो. वार्निश राहिलेल्या त्या ‘उघड्या’ तारेचे हे नेमके लक्षण आहे. याउलट सगळे ऐकू येते, पण खर्ज पातळ झाला आहे आणि गायक नेमका कुठे बसला आहे ते कळत नाही, असे वाटले तर एका कानाच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या आहेत. टोपण फिरवून बसवताच एक कान बंद पडला, तर कुठलीतरी एखादी सुटी तार धातूच्या टोपणाला टेकली आहे. टोपण ग्राउंडशी जोडलेले असते, म्हणून आतली प्लास्टिकची नळी चढवायला विसरू नये.

टोपण बसवल्यावर

पिनेच्या मागच्या दोन पाकळ्या वायरीच्या बाहेरच्या आवरणावर दाबाव्यात, आतल्या तारांवर नव्हे. पांढरे धागे सगळे कापून न टाकता पाकळीभोवती गुंडाळून गाठ मारावी, म्हणजे ओढ बसली तरी ती टाक्यांपर्यंत जात नाही. वायर भोकात सैल असेल तर श्रिंक ट्यूबचे एक-दोन थर चढवून ती भरीव करावी.

शेवटची तपासणी मी फोनवरच्या तंबोऱ्यावर करतो. गाण्यात बारीक खंड लपून जातात. तंबोऱ्याच्या अखंड सुरात एवढीशी खरखरही लगेच ऐकू येते. सूर चालू ठेवून पिनेजवळची वायर चारही दिशांना वाकवावी आणि हलकेच ओढावी. सूर कुठेही तुटला, तर टोपण उघडून तो टाका नुसता पुन्हा तापवू नये. तीन सेंटिमीटर मागे कापून, सुरुवातीला जास्त ठेवलेल्या वीस सेंटिमीटरांतून नवे टोक सोलावे आणि वार्निशपासून पुन्हा सुरुवात करावी.